कुजणे आणि कुजवणे : जॉन फेकनरच्या भिंतींवरचे शब्द

५ ऑगस्ट १९८० रोजी रोनाल्ड रेगन न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागातील शार्लट स्ट्रीटवर आले. रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना जुलैत मिळालेली होती आणि प्रचाराच्या दौऱ्यात हे ठिकाण मुद्दाम निवडलेले होते. तीन वर्षांपूर्वी तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर ह्याच ढिगाऱ्यांत उभे राहिले होते, इथे घरे उभारण्याचे त्यांनी बोलून दाखवले होते, आणि तीन वर्षांनंतरही ढिगारे जागच्या जागी होते. प्रतिस्पर्ध्याच्या अपयशापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, एवढाच रेगन ह्यांचा साधा हिशेब होता. पण त्या पार्श्वभूमीवर कुणीतरी आधीच मथळा देऊन ठेवला होता. ओसाड इमारतीच्या विटांवर मोठ्या, कोरीव साच्यातून उमटवलेल्या अक्षरांत एक शब्द होता : ‘डिके’. आणि जवळच्या भिंतीवर, इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांत : ‘ब्रोकन प्रॉमिसेस’, ‘फाल्सास प्रोमेसास’. रेगन ह्यांची त्या दिवशीची छायाचित्रे देशभर छापली गेली, आणि त्यांबरोबर हे शब्दही.

ते शब्द जॉन फेकनर ह्या चित्रकाराचे होते. ग्राफिटीच्या इतिहासात फेकनर ह्यांचे नाव बँक्सीइतके गाजलेले नाही, आणि आमच्याकडे तर ते जवळजवळ अपरिचितच आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘ग्राफिटी’ म्हटले की एका दैनिकातली ती छोटी चौकट आणि तिच्यातली एका ओळीची कोटी उभी राहते. कोटी वाईट नसे, पण तिने एका शब्दाचा अर्थ आमच्यापुरता फारच आखडून टाकला. भिंत, तिच्यावरचा मजकूर, तो लिहिण्यातला धोका आणि ज्या जागी तो लिहिला ती जागा, ह्या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय ग्राफिटी होत नाही. फेकनर ह्यांच्या बाबतीत तर जागा हाच निम्मा मजकूर आहे. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे वळावे असे आम्हांला वाटते. एका शब्दाची संहिता, तिचा संदर्भ आणि तिचे व्याकरण ह्यांचा इतका उघडावाघडा नमुना पाठ्यपुस्तकांत सहसा मिळत नाही.

फेकनर ह्यांचा जन्म १९५० चा, न्यूयॉर्कचा. वाढले ते क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये. १९६८ साली, अठराव्या वर्षी, त्यांनी तिथल्या गोरमन पार्कमधील एका रिकाम्या इमारतीच्या माथ्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एका लोकप्रिय गाण्याचे नाव रंगवले होते. ती पोरवयातली मजा होती. त्याच बागेत १९७८ साली त्यांनी ‘डिटेक्टिव्ह शो’ नावाचे उघड्यावरचे प्रदर्शन मांडले. दरम्यान, १९७६ च्या सुमारास, पुठ्ठ्यात अक्षरे कापून त्यांवरून रंगाचा फवारा मारण्याचा त्यांचा उद्योग सुरू झालेला होता. क्वीन्सच्या कारखानदारी गल्ल्या, ईस्ट रिव्हरवरचे पूल, बंद गोदामे, महिनोन् महिने रस्त्याकडेला सडत पडलेल्या मोटारी हे त्यांचे कागद. ह्या उपक्रमाला त्यांनी नाव दिले ‘वॉर्निंग साइन्स’, म्हणजे धोक्याच्या पाट्या. नाव अगदी चपखल होते, कारण ते काम खरोखरच पाटी लावण्याचे होते. जी वस्तू रोज दिसते म्हणून दिसेनाशी झाली आहे तिच्यावर तिचे नाव लिहायचे, आणि ती पुन्हा दिसायला लावायची.

इथे साच्याविषयी, म्हणजे स्टेन्सिलविषयी, थोडे बोलले पाहिजे. आमच्या वयाच्या मराठी माणसाला ‘स्टेन्सिल’ हा शब्द भेटला तो सायक्लोस्टाइल यंत्राच्या संगतीने. तो मेणकागद, त्यावर टंकयंत्राने पाडलेली अक्षरे, आणि त्यातून झिरपलेल्या शाईची, किंचित फिसकटलेली, शाळेतल्या चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका. मराठी वाङ्मयालाही ह्या तंत्राचे ऋण आहे. पन्नाशीच्या दशकातले ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच निघत असे. भिंतीवरच्या स्टेन्सिलचे कूळ मात्र वेगळे. धान्याच्या पोत्यावर व्यापाऱ्याचे नाव उमटवण्यासाठी कोरलेला पत्रा, मालडब्यांवरचे आकडे, लष्कराच्या पेट्यांवरचा मजकूर, निवडणुकीत भिंतीवर ओळीने उमटलेली पक्षाची निशाणी ह्या सर्वांचे ते भाऊबंद. ह्या अक्षराला हस्ताक्षर नसते. ते कुणा व्यक्तीचे वाटत नाही. खात्याचे, कंपनीचे, सरकारचे वाटते.

त्या काळी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर जी ग्राफिटी बहरली होती तिचा प्राण नेमका उलट होता. ‘टाकी १८३’ ह्या सहीवर १९७१ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी केली आणि सहीचा हा छंद शहरभर पेटला. त्या कलेत नाव हाच विषय होता. ज्यांची शहरात कुठेच नोंद नाही अशी पोरे शहराच्या अंगावर आपले नाव कोरत होती, आणि अक्षर जितके वळणदार, जितके दुर्बोध, तितकी प्रतिष्ठा मोठी. फेकनर ह्यांनी ह्या दोन्ही गोष्टी सोडल्या. स्वतःचे नाव नाही, आणि अक्षराला वळण नाही. नगरपालिकेने लिहायला हवे होते ते नगरपालिकेच्याच अक्षरात त्यांनी लिहिले. वाटेने जाणाऱ्याला क्षणभर असे वाटावे की शहरानेच अखेर कबुली दिली. ह्या क्षणभराच्या गैरसमजावर त्या शब्दांचे सारे बळ उभे आहे, असे आमचे मत आहे.

आता ब्राँक्सकडे. साउथ ब्राँक्स ‘कुजले’ असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ह्या क्रियापदाशीच आमचे भांडण आहे. पण त्याआधी घडले काय ते पाहू.

तिसाच्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज देण्यास घातक अशा वस्त्या लाल रंगात. काळे, स्थलांतरित आणि गरीब ज्या भागांत राहत त्यांच्या वाट्याला बहुधा लाल रंग आला, आणि त्या भागांतल्या घरांच्या दुरुस्तीकडे बँकांचा पैसा वळेनासा झाला. १९४८ पासून रॉबर्ट मोझेस ह्यांनी क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा द्रुतगती मार्ग भरवस्तीतून रेटला. १९६३ पर्यंत त्याचा मुख्य भाग पुरा झाला. रॉबर्ट कॅरो ह्यांनी ‘द पॉवर ब्रोकर’ (१९७४) ह्या चरित्रग्रंथात त्यातल्या एकाच मैलाचा हिशेब मांडला आहे : ईस्ट ट्रेमाँटमधल्या ५४ इमारती आणि १,५३० कुटुंबे. मार्ग थोडा वळवला असता तर मोजक्याच इमारतींवर भागले असते, हेही कॅरो दाखवतात. मोझेस ह्यांनी मार्ग वळवला नाही. ह्याच ब्राँक्समध्ये वाढलेले मार्शल बर्मन पुढे आधुनिकतेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ (१९८२) लिहिताना ह्या रस्त्यापाशी येऊन थांबतात. आमच्याकडे आधुनिकतेच्या चर्चेत त्या ग्रंथाच्या शीर्षकाचा उल्लेख बराच होतो, पण त्यातला ब्राँक्स सहसा वगळलाच जातो. ते दुर्दैव आहे, कारण त्या पुस्तकातली सगळ्यांत जिवंत पाने तीच आहेत.

ज्यांना शक्य होते ते निघून गेले. साठीच्या दशकाच्या अखेरीस ब्राँक्सच्याच ईशान्य टोकाला को-ऑप सिटी ही पंधरा हजारांहून अधिक घरांची प्रचंड वसाहत उभी राहिली आणि मध्यमवर्गीय कुटुंबे तिकडे सरकली. मागे राहिले ते गरीब काळे आणि पोर्तो रिकन. घरमालकांच्या दृष्टीने इमारतीचे भाडे तिच्या खर्चाला पुरेनासे झाले. त्याच वेळी, १९६८ नंतर, सरकारी पाठबळाच्या विमा योजनेमुळे अशा वस्त्यांतही आगीचा विमा सहज मिळू लागला. उभ्या इमारतीपेक्षा जळालेली इमारत अधिक पैसे देऊ लागली. सगळ्याच आगी मालकांनी लावल्या असे नाही. काही भुरट्यांनी लावल्या, काही नव्या घरासाठी कंटाळलेल्या भाडेकऱ्यांनी, काही निव्वळ जुन्या वायरिंगमुळे लागल्या. परंतु आग विझवण्याचे काय? १९७२ नंतर, रँड संस्थेच्या गणिती प्रारूपांचा आधार घेऊन, शहराने ज्या भागांत आगी सर्वाधिक लागत होत्या तिथलीच अग्निशमन पथके कमी केली. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आले. १९७६ मध्ये शहराच्या गृहनिर्माण खात्याचे प्रमुख रॉजर स्टार ह्यांनी ‘नियोजित आकुंचना’ची कल्पना मांडली : जे भाग मरतच आहेत तिथल्या सेवा काढून घ्याव्यात आणि उरलेले शहर वाचवावे.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर १९७० ते १९८० ह्या दशकात ब्राँक्समधील सात जनगणना-विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत व परित्यागात गमावल्या. चव्वेचाळीस विभागांनी निम्म्याहून अधिक. ब्राँक्सची लोकसंख्या ह्या दहा वर्षांत सुमारे तीन लाखांनी घटली.

हे सगळे वाचल्यावर क्रियापदांकडे परत यावे. ऑक्टोबर १९७७ मध्ये बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या प्रक्षेपणात स्टेडियमजवळची एक आग पडद्यावर दिसली आणि समालोचक हॉवर्ड कोसेल ह्यांनी ‘ब्राँक्स जळत आहे’ असे उद्गार काढले, अशी दंतकथा आहे. उपलब्ध ध्वनिमुद्रणात हे वाक्य त्या शब्दांत सापडत नाही. न उच्चारलेले वाक्य दशकाचे घोषवाक्य होऊन बसते ह्याला काही कारण असलेच पाहिजे, आणि ते आम्हांला त्या वाक्याच्या व्याकरणात दिसते. ‘जळणे’ अकर्मक आहे. मराठीत आपल्याला ‘जळणे’ आणि ‘जाळणे’, ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘कुजणे’ आणि ‘कुजवणे’ अशा जोड्या लाभल्या आहेत. एका स्वराच्या किंवा एका अक्षराच्या अंतरावर कर्ता उभा असतो. ब्राँक्स जळत होते, हे खरे. ब्राँक्स जाळले जात होते, हे अधिक खरे. पहिल्या वाक्यात कुणालाच जबाबदार धरता येत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या सोयीचे ठरले.

मग ‘डिके’ ह्या शब्दाचे काय? तो तर ह्याच सोयीच्या कुळातला. कुजणे हे निसर्गाचे काम आहे. पान कुजते, फळ कुजते, त्यात कुणाचा दोष नसतो. फेकनर ह्यांच्या शब्दावर हा आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. शहराच्या दुरवस्थेला ‘ऱ्हास’ म्हटले की धोरणांचा इतिहास पुसला जातो आणि उरते ती नियती. रेगन ह्यांनी तिथे जे म्हटले तेही ह्याच धाटणीचे होते : जर्मन बाँबवर्षावानंतरच्या लंडननंतर आपण असे काही पाहिले नाही. उपमा ऐकायला जोरकस आहे, पण ती थोडी ताणून पाहावी. लंडनवर बाँब टाकणारे कोण होते हे सर्वांना ठाऊक होते. ब्राँक्सच्या बाबतीत उपमेतली ती जागा वक्त्याने मोकळीच ठेवली. जमलेल्या रहिवाशांनी त्यांना ओरडून विचारलेही की तुम्ही आमच्यासाठी काय करणार. त्यावर आपण निवडून आलो नाही तर काहीच करू शकत नाही, असे चिडून दिलेले त्यांचे उत्तर त्या दिवशीच्या वृत्तांतात नोंदले गेले आहे.

आक्षेप मान्य करूनही आम्हांला असे वाटते की त्या भिंतीवर तो शब्द वेगळे काम करतो. शब्दाचा मराठी अनुवाद करू पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. ‘ऱ्हास’ म्हणावे तर तो अग्रलेखातला शब्द. भिंतीवर तो शोभत नाही, वाचणारा मान हलवून पुढे जाईल. ‘पडझड’ ही पावसाळ्यातल्या बातमीची. ‘जीर्ण’ ह्या शब्दाला आपल्याकडे एक आदर चिकटला आहे; जीर्ण वास्तूचा जीर्णोद्धार होतो, त्यात पुण्य असते. ‘क्षय’ अधिक जवळचा, कारण त्यात रोग आहे, आणि कोंदट खोल्यांतून माणसाला पकडणारा तो रोग घरांना चिकटावा ह्यात एक भीषण औचित्य आहे. पण क्षय फार संस्कृत. उरतो ‘कुजणे’, आणि तो लिहायचा तर रूप कोणते? ‘कुजले’? ‘कुजते आहे’? ‘कुज’? इंग्रजी शब्द एकाच वेळी नाम आहे आणि क्रियापद आहे. भिंतीवर त्याला कर्ता नाही, काळ नाही, लिंग-वचन नाही. तो वर्णन म्हणून वाचता येतो, निदान म्हणून वाचता येतो, आणि आज्ञार्थी म्हणूनही वाचता येतो. शेवटच्या वाचनात तो अंगावर येतो, कारण ‘नियोजित आकुंचन’ ही शहराने आपल्याच एका भागाला दिलेली आज्ञाच होती : कुज. ती सरकारी फाइलींच्या भाषेत दिली गेली होती. फेकनर ह्यांनी ती सरकारी अक्षरात भिंतीवर आणून ठेवली.

त्यांच्या मनात हा तिसरा अर्थ होता, असा आमचा दावा नाही. साच्यातल्या अक्षराने तो शक्य केला, एवढेच.

आणि तो शब्द एकटा नव्हता, हे विसरून चालणार नाही. छायाचित्रकारांनी बहुधा ‘डिके’ उचलला, कारण पाच इंग्रजी अक्षरे चौकटीत बसतात. पण शेजारची दोन वाक्ये वाचल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही. ‘ब्रोकन प्रॉमिसेस’ आणि ‘फाल्सास प्रोमेसास’. वस्तीत पोर्तो रिकन लोक मोठ्या संख्येने राहत असल्याने मजकूर स्पॅनिशमध्येही हवा होता, हे उघड आहे. मात्र ही दोन वाक्ये एकमेकांचा अनुवाद नाहीत. इंग्रजी वाक्य म्हणते : मोडलेली वचने. स्पॅनिश वाक्य म्हणते : खोटी वचने. मोडलेले वचन दिले त्या घटकेला खरे असू शकते. पुढे ते पाळता आले नाही. खोटे वचन दिले त्याच घटकेला खोटे असते. इंग्रजी वाचणारा वाटसरू एक तक्रार वाचतो, स्पॅनिश वाचणारा रहिवासी एक आरोप.

कोणते अधिक बरोबर? इतिहास काय सांगतो पाहा. कार्टर ५ ऑक्टोबर १९७७ रोजी पूर्वसूचना न देता शार्लट स्ट्रीटवर आले. त्यानंतर योजना आखल्या गेल्या. ७३२ घरांचा एक प्रकल्प तयार झाला. आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये शहराच्याच बोर्ड ऑफ एस्टिमेटने तो फेटाळला. वॉशिंग्टनने वचन दिले आणि न्यूयॉर्कने ते मोडले, असे म्हणावे, तर वॉशिंग्टनला आपल्या शब्दामागे पुरेसे बळ उभे करता आले नाही हेही खरेच. मराठीत ‘मोडणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते. काठी मोडली म्हटले तर ती आपोआप मोडली की कुणी मोडली हे कळत नाही. ‘वचने मोडली’ ह्या वाक्यातही ती पळवाट राहते. ‘फाल्सास’ मध्ये ती राहत नाही. ज्यांना ती वचने पाळली जाण्याची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्या भाषेत अधिक कठोर शब्द लिहिला गेला, ह्याचे आम्हांला नवल वाटत नाही. उलट, ह्या एका विशेषणापुरता तरी हा मजकूर ब्राँक्सविषयीच्या त्या दशकातल्या बऱ्याच लेखनापेक्षा नेमका आहे, असेच आम्ही म्हणू.

हे शब्द तिथे कशासाठी लिहिले गेले, हाही भाग महत्त्वाचा आहे. रेगन ह्यांची भेट हा त्यांचा हेतू नव्हता. ऑगस्ट १९८० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन मॅनहॅटनच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरणार होते. त्याला पर्याय म्हणून त्याच्या आधी शार्लट स्ट्रीटच्या मोकळ्या पडलेल्या जमिनीवर ‘पीपल्स कन्व्हेन्शन’, म्हणजे लोक-अधिवेशन, भरले. त्या निमित्ताने ह्या भिंती रंगवल्या गेल्या होत्या. ब्राँक्समध्येच ‘फॅशन मोडा’ नावाची एक कलाजागा १९७८ पासून चालू होती आणि फेकनर तिच्याशी जोडलेले होते. हे सांगण्याचे कारण असे की बाहेरच्याने येऊन वस्तीला ‘कुजलेली’ म्हणणे आणि वस्तीतल्या सभेच्या मागे तो शब्द लिहिणे ह्यांत अंतर आहे. ब्राँक्सच्या रहिवाशांना आपल्या वस्तीच्या चित्रणाविषयी किती तीव्र भावना होत्या हे त्याच वर्षी दिसले : ‘फोर्ट अपाचे, द ब्राँक्स’ ह्या चित्रपटाचे (प्रदर्शित १९८१) चित्रीकरण चालू असताना स्थानिक संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली, कारण त्यात काळे आणि पोर्तो रिकन म्हणजे गुन्हेगार, असे चित्र येत होते. पाटी कुणाकडे तोंड करून लावली आहे, हा प्रश्न आहे. मुंबईत दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिचे तोंड रहिवाशांकडे असते आणि तिचा आशय असतो, निघा. फेकनर ह्यांच्या पाटीचे तोंड रस्त्याकडे, कॅमेऱ्याकडे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाकडे होते.

ह्याच्या नेमके उलट काम शहराने लवकरच करून दाखवले. १९८३ साली न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण खात्याने क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवेवरून दिसणाऱ्या ओसाड इमारतींच्या बंद खिडक्यांवर प्लॅस्टिकची चित्रे चिकटवली. चित्रांत काय होते? पडदे, झडपा, कुंडीतली रोपे. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून पाहणाऱ्याला वाटावे की आत माणसे राहतात. ज्या रस्त्याने ही वस्ती फाडली त्याच रस्त्यावरच्या प्रवाशांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ही व्यवस्था. महापौर एड कॉच ह्यांच्या प्रशासनाने तिचे समर्थन केले. टीकाही भरपूर झाली. एकाच वस्तीत, तीन वर्षांच्या अंतराने, भिंतीवर काहीतरी चढवण्याचे हे दोन प्रयोग. एकाने उघड्या भगदाडाशेजारी ‘कुजणे’ असा शब्द लिहिला, दुसऱ्याने भगदाडावर तुळशीवृंदावन काढावे तशी कुंडी काढली. कला कशाला म्हणावे ह्यावर वर्गात तासन्‌तास बोलता येते. आम्ही ही दोन उदाहरणे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवतो आणि मुलांना बोलू देतो. गंमत अशी की पहिले कृत्य बेकायदा होते आणि दुसरे सरकारी खर्चाने झाले.

फेकनर ह्यांच्या कामात कुजण्याचा धागा शहराच्या इमारतींपुरता थांबत नाही. १९७९ मध्ये त्यांनी क्वीन्सच्या बाजूला, मिडटाउन बोगद्याच्या तोंडाशी, पुलास्की पुलावर ‘व्हील्स ओव्हर इंडियन ट्रेल्स’ ही अक्षरे उमटवली : मूलनिवासींच्या पायवाटांवरून धावणारी चाके. विमानतळावरून मॅनहॅटनकडे येणाऱ्या हजारो मोटारी त्याखालून जात. जिथे हमरस्त्याची पाटी पुढचे अंतर सांगते तिथे ही पाटी खालचा काळ सांगत होती. हा मजकूर अकरा वर्षे टिकला. शहराने पुसला नाही, कुणी त्यावर काही रंगवले नाही. १९९० च्या वसुंधरा दिनी फेकनर ह्यांनी स्वतःच त्यावर रंग फासून तो मिटवला. त्याचे काम संपले असे त्यांना वाटले.

रस्त्यावरच्या कलेच्या पुढच्या इतिहासाशी हे कृत्य ताडून पाहावे. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा ह्यांचे साच्यातले उंदीर १९८१ मध्ये भिंतींवर आले, नंतर ब्रिस्टलहून बँक्सी आले, आणि साचा जगभर पोचला. २०१० मध्ये बँक्सी ह्यांनी डेट्रॉइटमधल्या पॅकार्ड मोटारींच्या ओसाड कारखान्यात एक चित्र काढले : हातात रंगाचा डबा घेतलेला मुलगा, आणि शेजारी, इथे सगळी झाडे होती तेव्हाचे मला आठवते, अशा अर्थाची ओळ. ज्या ढिगाऱ्यात ते होते तिथे ती ओळ अफलातून होती; एरवी म्हातारा माणूस कारखान्यांपूर्वीच्या झाडांविषयी जे बोलतो ते एक मूल पडलेल्या कारखान्यात उभे राहून बोलत होते, आणि आता त्या विटांतून झाडे पुन्हा उगवू लागलेली होती. पण काही दिवसांतच शहरातल्या एका कलादालनाने भिंतीचा तो तुकडा कापून नेला. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात तो लिलावात १,३७,५०० डॉलरना विकला गेला. चित्र वाचले, असे म्हणता येईल. पण ‘इथे’ ह्या शब्दाचे काय झाले? जिथे झाडे होती ते ‘इथे’ तुकड्याबरोबर कापून नेता येत नाही. व्याकरणात ज्याला दर्शक सर्वनाम किंवा स्थलवाचक क्रियाविशेषण म्हणतात त्याचा अर्थ जागेवरच असतो. दिवाणखान्यात टांगलेल्या त्या भिंतीवर ‘इथे’ म्हणजे दिवाणखाना.

ह्या तुलनेत आम्ही फेकनर ह्यांच्या बाजूने आहोत, हे लपवत नाही. त्यांचे शार्लट स्ट्रीटवरचे शब्द कापून नेण्याजोगे नव्हतेच; ज्या भिंतींवर ते होते त्या पडायच्याच होत्या, आणि त्या पडाव्यात, त्यांच्या जागी काही उभे राहावे, हीच तर मजकुराची मागणी होती. आपली मागणी पुरी झाली की नष्ट होणारी कलाकृती, असे त्यांचे स्वरूप आहे. निषेधाच्या कवितेलाही हे भाग्य सहसा लाभत नाही. ती ग्रंथालयात उरते आणि तिचा विषयही बाहेर तसाच उरतो.

शार्लट स्ट्रीटवर पुढे घरे झाली. कार्टर ह्यांनी दिली नाहीत आणि रेगन ह्यांनीही नाहीत. साउथ ब्राँक्सच्या विकाससंस्थेचे प्रमुख एड लोग ह्यांनी स्थानिक संघटनांच्या साथीने १९८३ पासून ‘शार्लट गार्डन्स’ ही वसाहत उभी केली. सुमारे नव्वद घरे, एकमजली, प्रत्येकापुढे हिरवळ आणि कुंपण. ज्या जागी पूर्वी पाच-सहा मजली चाळवजा इमारतींत हजारो माणसे राहत तिथे ही विरळ उपनगरी वस्ती म्हणजे जमिनीची उधळपट्टी आहे, अशी टीका नगररचनाकारांनी केली, आणि ती निराधार नाही. घरे घेणाऱ्यांनी मात्र ती सोडली नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन तिथे आले, तेव्हा त्यांच्या मागे विटांचा ढिगारा नव्हता. रंगवलेली कुंपणे होती आणि त्यांच्या आतली कुंड्यांतली झाडे खरी होती.